पंचमीचा खड्डा

१

शनिवारी सकाळी खिंडीत दगड नव्हता. होता तो फक्त खड्डा.

कुंभवण्याच्या खिंडीतला हा दगड कमरेएवढा, काळा, हातभर मातीत रोवलेला. त्यावर ओबडधोबड अक्षरांत चार नावं कोरलेली होती. पहिल्या महायुद्धात या गावातून तेवीस जण गेले, त्यातले चार तिकडं इराकात, बसऱ्याकडेच कामी आले. दगड मूळचा चावडीसमोरचा. धरणाचं पाणी चढून जुनं गाव बुडालं तेव्हा लोकांनी तो खांद्यावरून वर आणला आणि खिंडीत बसवला. अर्धं गाव डोंगरावर राहिलं, अर्धं पूर्वेच्या कोरड्या मुलखात वसाहतीत गेलं.

यंदा डोंगरावर पर्यटकांसाठी पायवाट तयार झाली होती. जलाशयाच्या काठानं निघायचं, जंगलातून चढायचं, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत लपायचे ती कपार पाहायची आणि खिंडीत दगडापाशी थांबायचं. उद्घाटन गुरुवारी, पंधरा ऑगस्टला होतं. वाटेवरच्या माहितीच्या पाट्यांचा मजकूर मी लिहिला होता. शिराळ्याच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केल्यावर लोकांना वाटतं, याला सगळं माहीत असतं. तसं काही नसतं. त्या सहा पाट्या लिहायला मला चार महिने लागले, आणि अजूनही कपारीच्या पाटीवरचं एक साल मी चुकवलंय की काय, अशी शंका आहे.

दगड गेल्याचं मला शनिवारी दुपारी फोनवर कळलं. आणि रविवारी सकाळी माझ्या दारात एक बाई उभी राहिली. अंगावर हिरवं लुगडं, हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"पाट्या लिवणारं नाना तुमीच न्हवं?"

"हो. या ना आत."

"आत नगं, पाय भरल्यात. मी हरणाबाई, वरल्या धनगरवाड्यावरची. माज्या मालकाला चोर म्हनत्यात."

तिचा नवरा तानाजी हा त्या पायवाटेवरच्या पाच वाटाड्यांपैकी एक. शुक्रवारी नागपंचमी. त्या दिवशी सगळं कुंभवणं शिराळ्याच्या जत्रेला उतरतं. डोंगरावर राहिला तो एकटा तानाजी, शेरडं राखायला. शनिवारी दगड गायब. गावाच्या समितीनं त्याच दिवशी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. गुरुवारपर्यंत दगड मिळाला नाही, तर पोलिसांत तक्रार.

"पोलिसात नाव गेलं की काम तर जाणारच," हरणाबाई म्हणाली. "पन जंगल खातं आमाला शेरडं घिऊन तितं ऱ्हाऊ दील व्हय? चार पिढ्या झाल्या तितं."

"पण बाई, मी काय करणार? मी पुस्तकांतला माणूस."

"मंग वाचून सांगा की! दगडाचं समदं तुमाला ठावं. कुनी न्हेला तेवढंच ऱ्हायलंय."

तिनं हे थट्टेनं म्हटलं नव्हतं. मी चपला शोधू लागलो.

२

सोमवारी सकाळी खिंडीत पोचलो. बरोबर वनरक्षक राजेश्वरी होती. तिशीतली, चटपटीत मुलगी. चढावर माझ्यासाठी ती सात वेळा थांबली आणि प्रत्येक वेळी आपल्याच बुटाची नाडी बांधायची आहे असं दाखवत होती.

खड्ड्यापाशी तानाजी बसला होता. काटक, पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी. शनिवारी दुपारपासून पडलेल्या पावसानं खड्डा काठोकाठ भरला होता. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"शुक्रवारी तुम्ही कुठं होता?" मी विचारलं. असे प्रश्न विचारायची मला सवय नाही. आवाज उगीचच मोठा निघाला.

"सकाळी आलो खालनं, आन पल्याडच्या सड्यावर, उघड्या माळाला, शेरडं घिऊन गेलो. खिंडीत आलोच न्हाई."

"पहार आहे तुमच्याकडे?"

"हाय की. कुनाकडं न्हाई?" त्यानं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. "नाना, पंचमी हुती. त्या दिशी आमी शेरडं बांदायला खुट्टीसुदिक रोवत न्हाई. भुईत काय घालायचं न्हाई म्हंजी न्हाई. पहार कोन घालल?"

राजेश्वरी हसली. "अहो, चोर काय सण पाळून चोरी करतो?"

तिचं खरं होतं. मी ओशाळलो. तरी ते वाक्य मनातून जाईना. आमच्या भागात पंचमीला कुणी नांगर धरत नाही, कुदळ उचलत नाही, विळीवर भाजी चिरत नाही, तवासुद्धा चुलीवर ठेवत नाही. मी स्वतः देवभोळा नाही, पण त्या दिवशी माझ्या कुंडीतलं गवतही मी उपटत नाही. का, ते सांगता येणार नाही. हात जात नाही एवढं खरं.

"पण दगड शुक्रवारीच गेला, हे कशावरून?" मी राजेश्वरीला विचारलं.

"बाळासो हवालदारांनी पाहिला ना. शुक्रवारी सकाळी सात वाजता. तिथं थांबून सलाम केला आणि मग खाली उतरले, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बाकीचं गाव गाडीरस्त्यानं उतरलं, खिंडीकडं कुणी फिरकलं नाही."

बाळासो समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर शंका घेणारा माणूस डोंगरावर नव्हता. आणि खालीही नव्हता.

३

हवालदार बाळासो ओसरीवर दाढी करत होते. अडुसष्ट वर्षांचे, फौजेतून निवृत्त, ताठ. दगडावरच्या चार नावांतलं पहिलं त्यांच्या आजोबांचं. आजोबा बसऱ्याला गेले तेव्हा यांचे वडील पाळण्यात होते. त्यांनी आपला बाप कधी पाहिलाच नाही. गाव बुडताना दगडाला पहिला खांदा देणारे ते वडीलच.

"या नाना! चोर धरायला निघालाय म्हनं?" हवालदारांनी आरशातूनच विचारलं. "तुमाला मुंगी धरता याची न्हाई."

"तसं नव्हे हो. पाटीवर मजकूर लिहिलाय, आणि दगडच नाही. पाटी खोटी पडते."

"पाट्या काय, चार दिस झाकून ठिवू."

"शुक्रवारी सात वाजता दगड होता?"

"व्हता म्हनून सांगितलं की." त्यांनी वस्तरा पुसला. "मंग समदं गाव शिराळ्यात. मी सांजंपातूर तितंच. हजार मानसांनी बघितलंय मला."

मी मान डोलावली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "आक्का आल्या होत्या का पंचमीला?"

त्यांच्या थोरल्या बहिणीला, बनुबाईंना, मी ओळखत होतो. पाट्यांसाठी जुन्या गावाची माहिती मी त्यांच्याकडूनच घेतली होती, फोनवरून. त्या वसाहतीत दिलेल्या. दर पंचमीला माहेरी यायच्या आणि खिंडीत जाऊन दगडाला हळद आणि ज्वारीच्या लाह्या वाहायच्या.

"न्हाई आली औंदा. कंबरंतनं गेलीया. खाटंवरनं उठत न्हाई." हवालदारांचा आवाज खाली आला. "बेस्तरवारी, पंचमीच्या आदल्या दिशी, आमचा कृष्णात जाऊन आला तिच्याकडं. तांदूळ पोचवला."

कृष्णात म्हणजे त्यांचा मुलगा. दाराशी त्याची पिकअप गाडी उभी होती, धुऊन लख्ख केलेली.

"त्यापरीस त्या कुपवाडच्या विश्वजीतला इचारा," हवालदार म्हणाले. "लय डोळा हुता त्याचा दगडावर."

विश्वजीतचा कुपवाडला यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, आणि जलाशयाच्या काठाला तो पर्यटकांसाठी खोल्या बांधत होता. योगायोगानं तो खालीच भेटला. मी काही विचारण्याआधीच त्यानं हात जोडले.

"नाना, मागितला होता, कबूल. अंगणात दिवे लावून उभा करणार होतो. पण चोरून आणला तर तळघरात ठेवायचा काय? मग पाहुण्यांना दाखवू काय?"

हेही बरोबर होतं. ज्याला दगड मिरवायचाच आहे, त्याच्या तो चोरून उपयोगाचा नाही. आता कोण उरलं? तानाजीच. मला वाटलं, माझ्या चौकशीनं त्या माणसाचं भलं होण्याऐवजी वाईटच होणार.

एसटीची वाट पाहत असताना राजेश्वरीचा मोबाइल समोर आला. "हे घ्या. शनिवारी सकाळी आठचा फोटो. दगड गेला हे कळताच मी काढलेला. तुमच्या काही कामाचा असला तर बघा."

मी चष्मा पुसला. फोटो पाहिला. पुन्हा पुसला.

४

"हा पाऊस यायच्या आधीचा ना?" मी विचारलं.

"हो. पाऊस दुपारी आला."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी कुठला? कडक ऊन होतं. तुम्ही शिराळ्यातच होता की."

होतो. जत्रेत लोक छत्र्या मिटून काखेत धरून हिंडत होते. जोराचा पाऊस झाला होता तो गुरुवारी रात्री.

"मग ही माती बघा," मी म्हणालो. "खणून काढलेली माती आहे ना ही? ताजी असती तर ढेकळं असती, कडा असत्या, पहारीचे वार दिसले असते. इथं बारीक माती धुऊन गेलीय आणि खडे वर उघडे पडलेत. ओघळ वाहत खड्ड्यात गेलेत. तळाशी पाणी आहे. या मातीवर पाऊस पडलाय."

राजेश्वरीनं फोटो मोठा करून पाहिला.

"म्हणजे खड्डा गुरुवारच्या पावसाआधीचा," ती म्हणाली.

"मला तरी तसं वाटतं. चूकही असेल माझी."

"चूक नाही." ती आता भराभर बोलू लागली. "नाना, गुरुवारी पाचही वाटाडे शिराळ्यात होते. आमच्या कचेरीत प्रशिक्षण होतं त्यांचं. बुधवारी संध्याकाळीच खिंडीतून उतरले, तेव्हा दगड जागेवर होता. गुरुवारी पावसामुळे रात्रीही तिथंच झोपले. शुक्रवारी सकाळी मीच तानाजीला धनगरवाड्यापर्यंत सोडून परत खाली आले. मग तानाजी नव्हेच!"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, एक क्षणभर. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि राजेश्वरीच्या चेहऱ्यावरून कळलं की तिच्याही आली.

खड्डा गुरुवारचा असेल, तर शुक्रवारी सकाळी सात वाजता हवालदारांनी सलाम केला तो कशाला?

"कचेरीत सांगू का आत्ताच?" तिनं विचारलं.

"गुरुवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "दगड कुठं आहे ते मला माहीत आहे, असं वाटतं. वाटतंय फक्त."

५

मंगळवारी दोन एसटी बदलून वसाहतीत गेलो. तिथं पाऊस पोचलाच नव्हता. बाभळींवर धूळ होती.

बनुबाईंचं घर शेवटच्या ओळीत होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं पडवी. पडवीत खाट, खाटेवर आक्का. खाटेला लागूनच, हात लांबवला की पोचेल असा, दगड उभा होता. चार नावं हळदीनं पिवळी झालेली. पायाशी लाह्या.

"कोन गावचं पावनं?"

मी नाव सांगितलं. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"आगं बया, फोनवालं नाना! बसा, बसा. माजं म्हायेर बघितलं का?" त्यांनी दगडावर हात ठेवला. "बाळूनं पाठिवलं. कृष्णात आन त्याचा जोडीदार घिऊन आलं, बेस्तरवारी रातीला, पावसातनं. मी म्हनलं हुतं फोनवर, औंदा काय माजं येनं हुईत न्हाई, म्हाताऱ्याला हळद कोन लावनार? तर म्हनला, तू नगं येऊ, म्हाताराच यील."

"छान केलं," मी म्हणालो.

"आमच्या बा'नं कवा बाप बघितला न्हाई, नाना. ह्या दगडाला कवळा मारायचा. रडायचा न्हाई, नुस्ता उभा ऱ्हायाचा. मी ल्हान हुती, मला वाटायचं समद्यांचं आजं दगडाचंच असत्यात." त्या हसल्या. "गावानं परवानगी दिली, लय उपकार झालं बगा. गावाचा दगड हाय. न्हाईतर कोन देतंय?"

परवानगी. मी चहा घेतला. त्यांना काहीही सांगायचं धैर्य मला झालं नाही. धाडस नव्हतं की दया होती, हे मी परतीच्या एसटीत ठरवायचा प्रयत्न केला, आणि ते ठरलं नाही.

६

बुधवारी सकाळी हवालदार एकटेच ओसरीवर होते. मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"मी आक्कांकडं जाऊन आलो."

गाडी पुसायचं फडकं हवालदारांच्या हातात होतं, त्याची ते घडी घालत राहिले.

"डोंगर रिकामा शुक्रवारी असणार होता," मी म्हणालो. "दगड काढायला तोच दिवस सोयीचा. पण तुम्ही गुरुवारी काढलात."

"शुक्रवारचंच ठरलं हुतं," हवालदार सावकाश म्हणाले. "कृष्णातबी म्हनला, शुक्रवारी. पन पंचमीच्या दिशी भुईत पहार? न्हाई जमलं. पाकिस्तानच्या सरहद्दीवर खंदक खनल्यात म्या, नाना, पन त्या दिशी तितंबी फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचो. बेस्तरवारी वाटाडं समदं खाली हुतं. दुपारी काढला."

"मग शुक्रवारी पाहिला असं का सांगितलंत?"

"उद्घाटन झालं की त्याला लोखंडी जाळी लावनार हुतं, ठावं हाय तुमाला? हात लावायचा न्हाई म्हनून पाटी. ती पाटीबी तुमीच लिवलीया."

लिहिली होती. पाचवी पाटी. मला मान वर करता येईना.

"म्हनलं, आक्काचं डोळं मिटूस्तवर ऱ्हाऊ दे तिच्यापाशी. मंग परत आनून लावीन. शनवारी गलका झाला. कुनीतरी इचारलं, कवा बघितला शेवटचा? तोंडातनं निघालं, शुक्रवारी. मला वाटलं, समदं गाव शिराळ्यात. मंग कुनाचंच नाव याचं न्हाई."

"तानाजी वर होता."

हवालदारांनी फडकं खाली ठेवलं.

"त्येची आठवनच झाली न्हाई मला," ते म्हणाले. "खोटं न्हाई सांगत. समदं गाव म्हनताना, धनगरवाडा मनातच आला न्हाई. आन मंग लोकांनी त्येचं नाव घेतलं, तवा मागं फिरायला तोंड न्हवतं. ओळखपत्र म्याच काढून घेतलं. ह्या हातानं."

"उद्या तक्रार जाईल."

"ठावं हाय."

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणालो, आणि म्हणतानाच कळलं की हे खरं नाही. राजेश्वरीला खड्ड्याचं सगळं माहीत होतं, आणि नसतं तरी हरणाबाईला मी काय तोंड दाखवणार होतो? "म्हणजे, उद्या सकाळपर्यंत सांगणार नाही. नंतर मला सांगावं लागेल. मला जमेल की नाही माहीत नाही, पण सांगावं लागेल."

"आक्काला काय सांगू? चोरून आनलेलं म्हायेर परत न्हेतो?"

मग त्यांनी आतून गाडीची किल्ली मागवली.

७

गुरुवारी नऊ वाजता जलाशयाच्या काठाला शंभरेक माणसं जमली होती. तानाजी आणि हरणाबाई लांब करंजाखाली उभे होते. बोलावलेले नव्हते, पण आले होते. तक्रारीचा कागद समितीच्या चिटणिसाच्या खिशात होता. तो सारखा खिसा चाचपत होता.

साडेनऊला पिकअप आली. मागच्या बाजूला गादी, गादीवर बनुबाई, आणि त्यांच्या कुशीला टेकलेला दगड.

छातीवर पदकं लावलेले हवालदार उतरले आणि लोकांसमोर उभे राहिले.

"दगड म्या न्हेला हुता. शुक्रवारी बघितला म्हनून सांगितलं ती थाप हुती. तानाजीचा ह्यात काय संबंद न्हाई."

विश्वजीतनं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. गाडीतून बनुबाईंचा आवाज आला, खणखणीत.

"मलाबी काल रातीला सांगितलं! चोरीच्या दगडाला हळद लावून घेतली माज्याकडनं. बाळू, आदी त्या मानसाचं त्येला दे."

हवालदार करंजापर्यंत चालत गेले. खिशातलं ओळखपत्र काढून पुढं केलं. तानाजीनं ते घेतलं, त्यांच्याकडं न बघता गळ्यात घातलं. हवालदारांनी हात जोडले. तानाजीनं तेही पाहिलं नाही. हरणाबाईनं मात्र पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

तानाजी गाडीपाशी आला. "आक्का, वर यायचं हाय?"

"मला कुटलं बाबा? दगड लावून या. मी हितंच बसते."

"दगडाला चौघंजन हायत. तो जाईल मागनं." त्यानं खांद्यावरची घोंगडी उतरवली, जाड बांबू मागवला आणि घोंगडीची टोकं त्याला बांधू लागला. दुखणेकरी माणसाला वाडीवरून दवाखान्यात नेतात ती झोळी. गाठ त्यानं दोनदा ओढून पाहिली. आक्कांना उचलून आत ठेवताना हरणाबाईनं त्यांच्या कमरेखाली स्वतःचा हात घातला.

पुढचा खांदा तानाजीनं दिला. मागच्या खांद्याला कृष्णात पुढं झाला. तानाजीनं मान हलवली.

"तू न्हवं. हवालदार धरतील."

सगळं कुंभवणं बघत होतं. अध्यक्ष म्हणून हवालदार पायवाटेवर सगळ्यांच्या पुढं चालणार होते, निमंत्रणपत्रिकेत तसं छापलं होतं. ते मागं गेले, वाकले आणि बांबू खांद्यावर घेतला.

"तानाजी, म्हातारा मानूस हाय मी," ते म्हणाले. "दमलो तर?"

"सांगा. थांबू आमी," तानाजी म्हणाला. "चला."

वाट ओली होती. मी झोळीच्या मागोमाग चाललो होतो. चढ लागला तसा बांबू तिरका झाला, आणि झोळी घसरत मागं आली. चढावर सगळं वजन मागच्या माणसाच्या खांद्यावर येतं, हे मला त्या दिवशी कळलं. हवालदारांची पदकं बांबूवर घासून वाजत होती. कपारीपाशी त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला. तानाजी न वळता थांबला, तो श्वास जागेवर आल्यावर पुन्हा निघाला.

असं तो खिंडीपर्यंत पाच वेळा थांबला. हवालदारांनी एकदाही सांगितलं नव्हतं.